खपलीतला कचरा

स्नेहलताबाईंना हायडेलबर्गला येऊन तीन आठवडे झाले आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. लोकांचे हात मारायला शिवशिवतात, यांचे कामाला. घरात कामच नव्हतं हो! भांडी मशीन घासणार, कपडे मशीन धुणार, केर काढायला एक चपटं गोल यंत्र स्वतःच घरभर हिंडणार. ते सोफ्याखाली अडकलं की केविलवाणं पिपाणी वाजवायचं, मग बाई त्याला पायाने बाहेर ओढायच्या. दिवसाकाठी तेवढीच काय ती कामगिरी.

मुलगा सत्यजित सॉफ्टवेअर कंपनीत, सून स्वरूपा एका संशोधन संस्थेत, सात वर्षांची नात ओवी शाळेत. ओवीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. "ओवी, दूध प्यायलीस का गं?" म्हटलं की "नाइन, आजी." एवढं 'नाइन' मात्र बाईंना पहिल्या दिवसापासून पाठ झालं होतं. नकार कुठल्याही भाषेत पोरांच्या तोंडी सारखाच असतो.

आता बाई कोण, ते सांगायला हवं. पुण्यात मार्केट यार्डाच्या आसपास पाच-पन्नास घरं त्यांना 'निवडणाऱ्या बाई' म्हणून ओळखत. चैत्र-वैशाखात लोक वर्षाचं धान्य भरायचे, तेव्हा बाई काखेत सूप मारून दारोदार जायच्या. आज या घरी गहू, उद्या त्या घरी तांदूळ, परवा कुणाची तूर. हंगाम संपला की यार्डातल्या एका भुसार दुकानाच्या मागच्या खोलीत बसायच्या. नवरा, भास्करराव, पोस्टात होते, घर चाललं असतं. पण बाईंना हे काम मनापासून आवडायचं. सुपात धान्य पडलं की त्यांचा चेहरा असा निवांत व्हायचा की शेजारणी म्हणायच्या, "ह्या बाईला देवळात नेण्यापेक्षा पोत्यापाशी बसवा."

भास्करराव गेले, गुडघे बोलायला लागले आणि तीन वर्षांपूर्वी सत्यजितने हट्टाने काम सोडायला लावलं. सूप मात्र बाईंनी सोडलं नाही. विमानाच्या बॅगेत नऊवाऱ्यांच्या घडीखाली ते आडवं घालून आणलं. "आई, सूप कशाला?" सत्यजितने कपाळाला हात लावला. "असू दे. तुझ्या तिकडच्या लोकांकडे नसेल," बाई म्हणाल्या. त्यात काही खोटं नव्हतं.

तर असाच एक सोमवार. सगळे बाहेर गेले आणि बाई वाळत घातलेले कपडे आणायला इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरल्या. प्रत्येक घराला तिथे एकेक जाळीची खोली. आपल्या खोलीत त्यांना कोपऱ्यात कापडी पिशव्यांची रांग दिसली. एकेकीला पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर आकडा. मोजल्या तर चोवीस. बाईंनी एकीचं तोंड सोडून आत हात घातला आणि हरखल्याच.

"अगंबाई! खपली!"

खपलीच होती. टरफलातला लांबट गहू, पुण्यात आता खीर करायची म्हटली तर शोधत हिंडावं लागतं. पण काय तिची दशा! निम्म्या काड्या, मातीची ढेकळं, खडे, आणि तणाचं बी तर पसापसाभर. बाईंनी चिमूट तळहातावर पसरली. "चाकवत," त्या पुटपुटल्या. काळं चकचकीत बारीक बी त्यांनी अंधारातही ओळखलं असतं.

मग त्यांच्या मनाने जो हिशेब मांडला तो कुठल्याही मराठी सासूने मांडला असता. स्वरूपा बिचारी सकाळी आठला जाते ती संध्याकाळी सहाला येते. धान्य घेऊन ठेवलंय, निवडायला सवड नाही, तोंडाने सांगायला संकोच वाटतो. आपण आयत्या बसलोय. न सांगता निवडून ठेवावं, पोरीला बरं वाटेल!

स्वरूपा करत काय होती, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. "शेतीचा इतिहास शिकते" एवढं ठाऊक होतं. पण इतिहास पुस्तकात असतो आणि धान्य पिशवीत, असा त्यांचा साधा समज.

सोमवारी दुपारी त्यांनी सात आकड्याची पिशवी वर आणली, कारण ती हाताला सोपी होती. बाल्कनीत चादर अंथरली, मांडी घातली, सूप हातात घेतलं. तीन वर्षांनी! पहिल्या दोन फेकीत मनगट जरा अडखळलं, तिसऱ्या फेकीला कोंडा झुळकीबरोबर सुपाच्या तोंडाशी आला आणि बाईंच्या तोंडून आपसूक जात्यावरची ओवी सुटली. समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं ते शेवटपर्यंत वर घेतलं नाही. निघालेला कचरा बाईंनी कठड्यावर पसरला. घरचंच धान्य, चार दाणे पाखरांना गेले तर काय बिघडलं? ओवी शाळेतून आली तेव्हा कठड्यावर चिमण्यांची जत्रा होती आणि पोर आनंदाने टाळ्या पिटत होती.

मंगळवारी मात्र त्यांना चैन पडेना. धंद्याचा एक रिवाज असतो. निवडणारी बाई मालकाला स्वच्छ धान्य देते आणि त्याच्याबरोबर कचऱ्याची पुरचुंडीही देते, म्हणजे धान्य पदराला लावलं असा आळ येत नाही. पुरचुंडीतही तीन गाठोडी. पाखडून निघालेला कोंडा वेगळा, तो गाईला. सूप घोळवून खाली बसलेली माती, खडे आणि बारीक बी वेगळं. हाताने वेचलेलं मोठं बी, काड्याकुड्या वेगळं. सुनेला पुरचुंडी काय द्यायची, असं म्हणून बाईंनी पहिल्या दिवशी टाळलं खरं, पण हाताला वळण पडलेलं. दुसऱ्या पिशवीपासून त्यांनी सत्यजितचे जुने टी-शर्ट फाडून चौकोन केले आणि प्रत्येक पिशवीची तीन-तीन गाठोडी एका पुरचुंडीत बांधून वर तिचं आकड्याचं लेबल टाचणीने लावलं. गुरुवार दुपारपर्यंत सहा पिशव्या झाल्या. खपली स्टीलच्या डब्यांत, पुरचुंड्या कपाटात.

गुरुवारी संध्याकाळी स्वरूपा केलरमधून धावत वर आली. श्वास लागलेला, तोंड पांढरं.

"आई! खालच्या पिशव्या... सहा पिशव्या नाहीत!"

"आहेत की," बाई हसत म्हणाल्या आणि एका डब्याचं झाकण उघडलं. आत खपली मोत्यासारखी. "बघ. आता उद्या खीर करते."

स्वरूपाने डब्यात पाहिलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"आई, कचरा कुठंय?"

"कचऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

"आई, मला तो कचराच हवा होता!" तिचा आवाज चिरकला. "धान्य नको होतं मला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? विचारायचं तरी!"

सून असं बोलली नव्हती कधी. बाईंच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. सत्यजित बूटसुद्धा न काढता दारात उभा, कुणाची बाजू घ्यावी हे न कळून दोघींकडे आळीपाळीने बघत.

मग रडत रडत स्वरूपाने सांगितलं ते असं. सात हजार वर्षांपूर्वी इथल्या जंगलांत माणसं नुकती शेती करायला लागली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हिंडायची, शिकार करायची, कंदमुळं-फळं गोळा करायची. आता भांडण असं की, शेती आली तेव्हा ती एका जागी बसली का? की जंगल जाळून चार वर्षं पेरायचं, जमीन दमली की पुढे सरकायचं, असं शेत घेऊन हिंडतच राहिली? घरं कुजून गेली, माणसं गेली. उरला तो चुलीत आणि खड्ड्यात जळून कोळसा झालेला धान्याचा कचरा. त्यातलं तण बोलतं. नव्या तोडलेल्या जंगलात एक तण येतं, वर्षानुवर्षं कसलेल्या शेतात दुसरं. म्हणून तिने डोंगरउतारावर दोन तुकडे घेतले होते, एक जुना, एक जंगल तोडून नवा. तीन वर्षं खपली पेरली, विळ्याने कापली, बारा बारा पिशव्या भरल्या. संस्थेची कोठी रंगवायला काढली म्हणून पिशव्या आठवड्यापुरत्या घरी. आणि सोमवारी प्राध्यापिका लिंडेमानबाईंसमोर बैठक. शिष्यवृत्ती एक वर्ष वाढवून मिळाली तर प्रबंध पुरा, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

बाई आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं आणि पदरात भरून पुरचुंड्या आणून स्वरूपासमोर ठेवल्या.

स्वरूपाने एकेकीवरचं लेबल वाचलं. तीन, अकरा, चौदा, सोळा, वीस. पुन्हा वाचलं. मग ती एकदम हसली आणि हसताहसता पुन्हा रडायला लागली. "आई, तुम्ही ठेवलंत? सगळं?"

"सगळं नाही," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, आणि गप्प राहणं तर मुळीच नाही. "सातव्याचं मी चिमण्यांना घातलं."

ओवीने तोंडावर हात ठेवला. तिला त्या चिमण्या आठवत होत्या.

"वजन जुळतंय की नाही ते विचारतील," स्वरूपा हळू म्हणाली. "एक पिशवी गेली म्हणजे बाकीच्यांवरही विश्वास नाही ठेवणार. उंदरांनी खाल्ली म्हणू का?"

"अजिबात नाही," बाई ठणकावून म्हणाल्या. "माल माझ्या हातून गेला. सोमवारी मी येते तुझ्याबरोबर आणि सांगते."

"आई, इथे असं नसतं."

"चुकलेल्याने मालकासमोर जाऊन उभं राहायचं, हे सगळीकडे असंच असतं. तू फक्त माझं बोलणं त्यांना सांग. मनाचं घालू नकोस."

सत्यजितने "अगं आई, पण..." असं म्हणून पाहिलं. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो बूट काढायला गेला.

त्या तीन दिवसांत बाईंना जेवण गोड लागलं नाही. पोरीचं नुकसान आपल्या हातून झालं, ही टोचणी काही केल्या जाईना. एकेचाळीस-बेचाळीस वर्षांत कुणाचा पसाभर दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि झाला तो घरच्याच सुनेचा! शुक्रवारी त्यांनी खीर केली नाही. रविवारी सुनेने स्वतः त्यांच्यासमोर चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "मी फार बोलले परवा." बाई म्हणाल्या, "बोलायलाच हवं होतंस." दोघींनी चहा प्यायला, तो जरा जास्त गोड झाला होता.

सोमवारी दहाला लिंडेमानबाईंच्या खोलीत तिघी. लिंडेमानबाई साठीच्या, उंच, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला. नऊवारी, काखेत सूप आणि पिशवीत पुरचुंड्या, अशी ही पाहुणी पाहून त्यांनी भुवई उंचावली, पण खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्या त्यांनी सगळं सांगितलं आणि स्वरूपा वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये सांगत गेली.

"चिमण्या?" लिंडेमानबाईंनी विचारलं.

"या," म्हणजे 'हो', स्वरूपा म्हणाली.

लिंडेमानबाई समोरच्या नमुन्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग तसंच लिहा. नमुना क्रमांक सात, चिमण्यांनी खाल्ला. एक नमुना गेला, तो गेला. खोटं कारण लिहिलं असतंत तर चोवीसही गेले असते."

स्वरूपाने ते मराठीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. ही बाई धंद्यातली आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

पण विषय तिथे संपला नाही. लिंडेमानबाईंनी एक पुरचुंडी सोडली आणि आत तीन गाठोडी बघून थांबल्या. "हे तीन वेगळे का?"

आता हे काय तोंडाने सांगायचं? बाईंनी स्वरूपाला म्हटलं, "एक पिशवी दे." नमुन्यासाठी आणलेली बावीस नंबरची पिशवी तिथेच होती. लिंडेमानबाई "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणत स्वतःच उठल्या, टेबल मागे सरकवलं. बाईंनी फरशीवर चादर पसरली, मांडी घातली, गुडघा कुरकुरला, आणि त्यांनी पाखडायला घेतलं. कोंडा उडाला. मग सूप तिरकं धरून घोळवलं. माती आणि काळं बारीक बी एका कडेला गोळा झालं, खपली दुसऱ्या. मग बोटं चालू लागली. दहा बोटं दहा ठिकाणी, एकीचा दुसरीला अडथळा नाही.

लिंडेमानबाई चष्मा लावून शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, भिंग हातात. त्यांनी तिन्ही ढिगांतून चिमूट चिमूट घेतली आणि स्वरूपाशी भराभर बोलायला लागल्या. चाकवत सगळा घोळवलेल्यात. कपड्याला चिकटणारं गोल काटेरी बी सगळं हातनिवडीत. हलकं सगळं कोंड्यात. जुन्या खड्ड्यात जळका कचरा सापडतो तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की तो निवडण्याच्या कुठल्या पायरीवरचा आहे, कारण तण कमी दिसलं तर ते शेतातच नव्हतं की आधीच्या पायरीला निघून गेलं, हे कळत नाही. दुसऱ्या देशांत लोकांनी हे तपासलंय. पण या मातीतल्या, या डोंगरावरच्या तणाचं, कसलेल्या हाताने, पायरी-पायरीने केलेलं कुणाकडे नव्हतं. स्वरूपाने चाळणीने सगळं एकदम चाळायचं ठरवलं होतं. ते केलं असतं तर हे कळलंच नसतं.

"चाकवत असलेल्या पिशव्या जुन्या शेतातल्या ना गं?" बाई मधेच म्हणाल्या. "तीन, अकरा, वीस आणि ही बावीस. खत पडलेल्या, रोज हात फिरलेल्या जमिनीत येतो तो. फिरत्या माणसाच्या शेतात कुठला चाकवत!"

स्वरूपाने तक्ता पाहिला. तीन, अकरा, वीस आणि बावीस जुन्याच शेतातल्या होत्या. तिने तक्ता लिंडेमानबाईंकडे सरकवला.

शेवटी लिंडेमानबाई गुडघे झाडत उठल्या. "एक वर्ष मी मागून घेईन," त्या म्हणाल्या. "पण अट आहे. उरलेल्या सतरा पिशव्या याच बाई निवडतील, इथे बसून, आणि प्रत्येक पायरीचं वेगळं गाठोडं."

स्वरूपाने हे सांगताना मधेच डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "अट कसली? मी तर म्हटलं असतं, सतराच का दिल्या?"

कॉफी आली. लिंडेमानबाईंना आता बाईंशी बोलायची फार हौस आली होती. "यांना विचार," त्या स्वरूपाला म्हणाल्या, "माणूस हजारो पिढ्या मजेत हिंडत होता. शिकार मिळायची, फळं मिळायची. मग थांबला का? आम्ही यावर शंभर वर्षं भांडतोय."

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. कडू होती, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"त्यात भांडण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "पुरुष शिकारीहून आला असेल, म्हणाला असेल, चला, उठा, पुढच्या डोंगरावर हरणं आहेत. आणि बाई म्हणाली असेल, अहो थांबा जरा, एवढं निवडून होऊ दे. ते का संपतंय? एक झालं की दुसरं. तो कंटाळून बसला दारात. मग काय करणार, त्याने घर बांधलं."

स्वरूपाने शब्दाला शब्द लावून ते जर्मनमध्ये सांगितलं. लिंडेमानबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. हसून झाल्यावर त्यांनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं. बाईंना वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्या चेष्टा करत नव्हत्या.

मग कागद आले. जर्मनीत कागदाशिवाय चिमणीसुद्धा दाणा टिपत नाही. नमुने कुणी स्वच्छ केले, त्यांचं नाव, व्यवसाय, अनुभव. स्वरूपाने पेन उघडलं. नाव लिहिलं. व्यवसायापाशी ती क्षणभर थांबली, मग एक लांबलचक जर्मन शब्द लिहिला, त्यापुढे आकडा.

"काय लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"धान्य-स्वच्छता तज्ज्ञ. अनुभव एक्केचाळीस वर्षं."

बाईंनी कागद जवळ ओढला, न वाचता येणाऱ्या त्या शब्दावरून एकदा बोट फिरवलं आणि पदराने नाक पुसलं. मग आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या,

"एक्केचाळीस कसे? बाविसाव्या वर्षी सुरू केलं, चौसष्टाव्या वर्षी सोडलं."

"सत्यजितच्या वेळचं वर्ष मी वजा केलं, आई."

"वजा कशाला? तो पोटात होता तेव्हा वाकता यायचं नाही, तर सूप पोटावर टेकवून पाखडत होते मी. त्याने आतून लाथा मारल्या, पण एक दिवस खाडा नाही केला. बेचाळीस लिही."

स्वरूपाने आकडा खोडला, बेचाळीस लिहिलं आणि शेजारी सही केली.